पाण्याच्या भांड्यातले काळे ठिपके

पत्राचा सारांश: पुण्यातल्या चोवीस वर्षांच्या एका मुलीचं पत्र आहे. ती नोकरी करते, आई-वडील आणि धाकट्या भावाबरोबर राहते. दोन वर्षांपासून तिच्याकडे एक कॉर्न स्नेक (परदेशी, बिनविषारी साप) आहे. बारा दिवसांपूर्वी तिनं एका विक्रेत्याकडून बॉल पायथन या लहानखुऱ्या अजगराचं पिल्लू आणलं, वजन १४० ग्रॅम. कॉर्न स्नेकच्याच खोलीत, शेजारच्या टबमध्ये ते ठेवलं. आल्यापासून पिल्लू पाण्याच्या भांड्यात वेटोळं घालून बसायचं. तिला वाटलं, उकडत असेल. परवा पाणी बदलताना तळाशी काळे ठिपके दिसले, आणि पिल्लू हातात घेतल्यावर त्यातले दोन तिच्या मनगटावर चालू लागले. हे माइट्स, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे आहेत, हे तिला शोधाशोध केल्यावर कळलं. विक्रेता म्हणतो, ‘तुमच्या कुत्र्याचे असतील.’ एक मित्र म्हणतो, कुत्र्याच्या गोचिडांचं औषध पाण्यात कालवून त्यात साप बुडव. दुसरा म्हणतो, कडुनिंबाचं तेल चोळ. तिसरा म्हणतो, टेकडीवर सोडून ये. आईचं म्हणणं, ‘चार आठवड्यांवर गणपती आलेत, घर भरणार आहे, त्याआधी हा परत देऊन टाक.’ ती लिहिते, ‘मी रोज टब पुसत होते तरी माझ्याकडे किडे झाले. कुणाला सांगायची लाज वाटते. एका फटक्यात संपेल असं औषध सांगा, नाहीतर परत देऊ का ते तरी सांगा.’

वयानं तू माझ्या भाचीएवढी आहेस, म्हणून अगं-तुगं करते.

तुझं पत्र मिळालं त्याच रात्री मी तुला दोन ओळी पाठवल्या होत्या: दोन्ही टबमधला भुसा काढून पांढरे टिश्यू पेपर अंथर, आणि कुठलंही औषध कशावरही मारू नकोस. दुसऱ्या दिवशी तू कळवलंस की सकाळी कॉर्न स्नेकच्या कागदावरही तीन ठिपके मिळाले. तुझ्या दोन प्रश्नांपैकी एकाचं उत्तर तिथंच मिळालं. पिल्लू परत दिलंस तरी माइट्स परत जाणार नाहीत. ते आता तुझ्या खोलीत आहेत आणि त्यांच्याशी तुला तसंही निस्तरायचंच आहे. मग पिल्लू ठेवायचं की नाही, हा प्रश्न वेगळा काढून थंड डोक्यानं बघता येईल. त्याकडे मी शेवटी येते.

आधी लाजेबद्दल बोलू. ‘मी रोज पुसत होते तरी’ हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. डोक्यात उवा झालेल्या मुलीला शाळेत जशी वागणूक मिळते, तशी तू स्वतःला देते आहेस. सापांवरचा हा माइट रक्तावर जगतो, घाणीवर नाही. त्याचं शास्त्रीय नाव ओफिओनिसस नॅट्रिसिस. आठ पायांचा जीव, गोचिडाचा नातलग. पिकावर पडतो त्याला शेतकरी लाल कोळी म्हणतात, तोही याच मोठ्या गोतावळ्यातला. जगात जिथं जिथं साप पाळले जातात तिथं तिथं तो आहे, चांगल्या प्राणिसंग्रहालयांतसुद्धा. आपल्याकडचे सर्पमित्र धामण पकडतात तेव्हा तिच्या खवल्यांत रुतून बसलेले गोचीड कितीदा तरी दिसतात. त्या धामणीला कुणी घाणेरडी म्हणत नाही. आणि कुत्र्याचं म्हणशील तर त्याच्यावरचे गोचीड, पिसवा, खरजेचे किडे हे सगळे वेगळे. विक्रेत्याचं म्हणणं खरं नाही. बारा दिवसांच्या आत पाण्यात बुडालेले माइट्स दिसावेत एवढी संख्या झाली, याचा अर्थ पिल्लू ते घेऊनच आलं.

तुझी चूक झाली ती एकच, आणि ती बहुतेक सगळ्यांची होते. नवा साप आला की त्याला निदान दोन-तीन महिने जुन्या सापापासून वेगळ्या खोलीत ठेवायचं असतं. करोनानंतर विलगीकरण हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नवा साप कागदावर राहील, त्याची भांडी-चिमटे वेगळे असतील, आणि रोजची कामं जुन्या सापापासून सुरू होऊन नव्यापाशी संपतील. हे वाचणाऱ्या ज्या कुणाचा साप अजून घरी यायचा आहे, त्यांनी एवढा परिच्छेद लक्षात ठेवला तरी पुढचं बरंच टळेल.

आता पाण्यात बसण्याबद्दल. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला लहानखुरा अजगर. उंदरांची बिळं, वारुळं यांत दडून राहणारा. तो क्वचित पाण्यात बसला तर काही नाही, पण दिवसेंदिवस भांड्यातून बाहेरच निघत नसेल तर तीन कारणं बघायची: टब फार तापतोय का, हवा फार कोरडी आहे का, आणि अंगाला काही डसतंय का. तू पहिलं धरून बसलीस. पाण्याखाली गेलं की अंगावरचे माइट्स गुदमरतात, बाकीचे डोक्याकडे पळतात. पिल्लाला तेवढाच आराम मिळत होता.

भिंग घे आणि दिवसाउजेडी बघ. पोट भरलेली मादी खसखशीच्या दाण्याएवढी, काळपट लाल. पांढऱ्या कागदावर चिरडलीस तर लाल रेघ उमटते. उपाशी माइट्स पिवळट आणि इतके बारीक असतात की हलल्याशिवाय कळत नाहीत. बसायच्या जागा ठरलेल्या: डोळ्याभोवतीची खाच, हनुवटीखालची मधली घडी, गुदद्वाराजवळचे खवले. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता जाणणाऱ्या खाचांची एक रांग असते, तिच्यातही ते शिरतात. डोळ्याचा काठ फुगल्यासारखा, वर उचलल्यासारखा दिसला तर तिथं कुणीतरी आहे असं समज. खवल्यांवर रांगोळीची पूड सांडल्यासारखे पांढरे कण दिसतील, ती त्यांची विष्ठा. आणि एक फरक ध्यानात ठेव. ओलसर भुशात, लाकडाच्या तुकड्यावर फिकट रंगाचे, आळशी माइट्स असतात. ते बुरशी खातात, सापाच्या वाटेला जात नाहीत. अंगावर चढतात का, चिरडल्यावर लाल होतात का, एवढं बघितलं की ओळख पटते.

‘एका फटक्यात’ या मागणीपाशी मी जरा थांबणार आहे, कारण तुझ्या पत्रातली सगळ्यात धोक्याची गोष्ट ती आहे. या किड्याचं राहणं समजून घे. तुला तो सापाच्या अंगावर दिसतो म्हणून तू सापावर काय मारू असं विचारतेस. पण मादी रक्त पिऊन झालं की उतरते आणि अंडी घालायला अंधारी, दमट फट शोधते: टबच्या झाकणाची कड, लपायच्या डब्याची खालची बाजू, लाकडाची भेग, टबमागची भिंत. सगळ्या आयुष्यात ती साठ-ऐंशी अंडी घालते. उबेत ती दोन ते चार दिवसांत फुटतात. फुटल्यावरचं पहिलं रूप काही खात नाही. दुसरं रक्तासाठी साप शोधायला निघतं, तिसरं पुन्हा खात नाही, आणि मग प्रौढ माइट. आपल्याकडच्या पावसाळी उकाड्यात हा फेरा दोन-अडीच आठवड्यांत पुरा होतो. त्यात आणखी एक. मादीला नर भेटला नाही तरी ती अंडी घालते आणि त्यातून नर निपजतात. म्हणजे झाकणाच्या कडेला एकटी मादी उरली तरी तिच्यापासून सगळं पुन्हा उभं राहू शकतं.

आता सांग, यात एक फटका बसणार कुठं? आज तू सापाला कितीही जालीम औषधात बुडव, अंगावरचे मरतील. फटीतली अंडी तशीच राहतील, आणि पाचव्या दिवशी नवी फौज अशक्त झालेल्या सापावर चढेल.

माझ्याकडे हे झालंय. काही वर्षांपूर्वी माझ्या कॉर्न स्नेकला माइट्स झाले. दुसऱ्या दिवशी घरी पाहुणे यायचे होते. मी तुझ्यासारखीच घाबरले होते, आणि मलाही कुणाला सांगायचं नव्हतं. गोचिडांचं औषध अंदाजानं पाण्यात टाकलं आणि त्याला दहा मिनिटं त्यात ठेवलं. रात्री दोन वाजता उठून पाहिलं तर त्याची मान आभाळाकडे वळलेली. मी त्याला पालथा केला, तो उताणा झाला. पुन्हा पालथा केला, पुन्हा पोट वर. साप उताणा राहत नाही, क्षणात सरळ होतो. त्याला वर कुठं नि खाली कुठं हेच कळत नव्हतं. जीभ बाहेर यायची आणि बाहेरच राहायची. तिसऱ्या दिवशी तो गेला. मी सगळ्यांना सांगितलं की माइट्सनी गेला. त्या माइट्सनी तो मरणार नव्हता, निदान त्या आठवड्यात तरी नाही. मी घाई केली, आणि घाई केली ती लाजेपोटी. म्हणून तुझ्या मित्राचा पहिला सल्ला वाचल्यावर मी रात्रीच निरोप पाठवला.

तर सहा आठवडे धरून चाल. गणपतीला चार आठवडेही उरलेले नाहीत, म्हणजे तोवर काम पूर्ण संपलेलं नसेल, पण कागदावर ठिपके दिसेनासे झालेले असतील, आणि आईला तेवढं पुरेसं आहे.

पहिला दिवस टबचा, सापाचा नंतर. नारळाचा भुसा जाड पिशवीत भरून तोंड घट्ट बांध आणि त्याच दिवशी घराबाहेर टाक. लाकडाची फांदी, बुचाची साल, कोरलेलं झाड, जे जे सच्छिद्र आहे त्याचा मोह सोड. आवडतंच असेल तर कोरड्या उष्णतेनं पन्नास अंशांच्या वर नीट तापव, नाहीतर पिशवीत घालून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेव. पण तो फ्रीझर आईचा असेल तर राहू दे. टब, झाकण, चिनीमातीचं भांडं साबण लावून, सोसेल तेवढ्या गरम पाण्यानं घास. जुना दातघासणीचा ब्रश घे आणि झाकणाची कड, हवेसाठी पाडलेली भोकं, बिजागरी, थर्मोस्टॅटची वायर आत शिरते ती जागा, एकेक खाच खरवड. टब ठेवायची मांडणी भिंतीपासून पुढं ओढ. मागं, खाली व्हॅक्यूम क्लीनर फिरव आणि त्यातला कचरा लगेच बाहेर टाक. टबमध्ये आता फक्त पांढरा टिश्यू, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला भोक पाडून केलेली लपायची जागा, आणि लहान पाण्याचं भांडं. कागद रोज बदल, डबा एक दिवसाआड घास किंवा टाकून नवा घे. हे उघडंबोडकं घर बघवत नाही, मला कळतं. पण त्यात अंडी घालायला जागा उरत नाही.

आजी फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची, मुंग्या चढू नयेत म्हणून. तेच कर. मांडणीच्या चारही पायांखाली साबणाच्या पाण्याच्या वाट्या ठेव, आणि मांडणी भिंतीला चिकटू देऊ नकोस. माइट्स चालत जातात, त्यांना वाट देऊ नकोस. पिल्लू दुसऱ्या खोलीत हलव. आधी कॉर्न स्नेकचं सगळं आवर, मग पिल्लाचं. मग हात कोपरापर्यंत धू आणि कपडे थेट मशीनमध्ये टाक. कॉर्न स्नेकवर मोजके सापडले म्हणून त्याला सोडू नकोस, दोघांना एकाच वेळी तेच सगळं.

आंघोळ. पाणी अठ्ठावीस ते तीस अंश. पाठ बुडेल, पण डोकं सहज वर राहील एवढंच. वीस मिनिटं, आणि तू समोर बसून. मध्येच फोन घ्यायला उठू नकोस. बुडालेले माइट्स तळाशी जातील, हुशार असलेले डोक्यावर चढतील. म्हणून नुसत्या आंघोळीनं काही संपत नाही. डोक्यावरचे कानात घालायच्या कापसाच्या काडीनं, ती साध्या पाण्यात भिजवून, अलगद टिपायचे. डोळ्यावर दाबू नकोस. सापाला पापणी नसते, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि तो दुखावतो. पाणी पांढऱ्या ताटात ओतून ठिपके मोज, वहीत तारीख घालून लिही. पहिले चार दिवस आंघोळ रोज, नंतर एक दिवसाआड. पिल्लू फार धडपडत असेल तर कमी कर. ताणही त्याला मारकच आहे.

वहीचं महत्त्व सांगते. दहाव्या दिवशी आकडा शून्यावर येतो, आणि लोक भुसा परत घालतात. मग विसाव्या दिवशी पुन्हा ‘झाले’ म्हणून रडत येतात. ते पुन्हा झालेले नसतात, गेलेलेच नसतात. शून्य सलग चार आठवडे टिकलं पाहिजे. मध्ये कात टाकली तर ती लगेच पिशवीत घालून बाहेर टाक. कातेबरोबर पुष्कळ माइट्स उतरतात, हा आयता फायदा आहे.

औषधाबद्दल मी मुद्दाम उशिरा लिहिते आहे. आंघोळ आणि सफाईनं संख्या खूप खाली येते, पण आपल्या पावसाळ्यात बहुधा औषध लागतंच. ते पशुवैद्यानं ठरवावं. पुण्या-मुंबईत सरपटणारे प्राणी पाहणारे डॉक्टर आहेत. लहान गावातल्या वाचकांनी जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी; परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथं ती आहेत. जाताना चिकटपट्टीवर दोन-चार माइट्स चिकटवून न्या, वजनाचे आकडे न्या. डॉक्टर बहुतेक फिप्रोनिल या कीटकनाशकाचा विचार करतील. कुत्र्यांसाठी मिळणारा पाव टक्क्याचा स्प्रे असतो, तो सापावर थेट मारत नाहीत. हवेशीर जागी कापडावर घेऊन ते कापड अंगावरून फिरवतात, डोकं पूर्ण वगळतात. किती वेळ ठेवायचं, कधी धुवायचं, किती दिवसांनी पुन्हा, हे १४० ग्रॅमच्या पिल्लाला आणि मोठ्या कॉर्न स्नेकला सारखं नसेल. फिप्रोनिल सशांना जीवघेणं आहे, हे ससे पाळणाऱ्यांसाठी. औषध लावल्यावर काही तास पाण्याचं भांडं बाहेर ठेवायचं, म्हणजे पिल्लू औषधासकट पाण्यात जाऊन बसत नाही. परमेथ्रिनसारखी औषधं वापरलीच तर रिकाम्या टबला, साप बाहेर असताना, पूर्ण वाळवून, आणि डॉक्टरांना विचारूनच. मांजर किंवा माशांची टाकी असलेल्या घरात ती आणूच नयेत.

इव्हरमेक्टिन या औषधाचं नाव तुला कुणीतरी सुचवेलच. तुझ्या भावाचं लाल कानांचं कासव आहे असं तू लिहिलं आहेस. कासवांना इव्हरमेक्टिन घातक ठरतं. डॉक्टरांना कासवाबद्दल पहिल्या वाक्यात सांग, आणि सापाचे टब त्या खोलीत धुऊ नकोस.

दुकानात गोचिडांसाठी मिळणाऱ्या बाटल्यांत अमिट्राझ, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांपैकी काहीतरी असतं. ती गुरांच्या, कुत्र्यांच्या हिशेबानं केलेली आहेत. त्या वाटेला जाऊ नकोस. टबमध्ये डांबराच्या गोळ्या, झुरळांचा खडू, कापूर ठेवू नकोस. बंद डब्यातला वास आपल्याला बाहेर उग्र वाटतो, आत राहणाऱ्याचं काय होत असेल याचा विचार कर. कडुनिंबाच्या तेलाबद्दल माझं मत तुझ्या मित्राला रुचणार नाही. तेलानं काही माइट्स गुदमरतात हे खरं. पण खवल्याखालचे वाचतात, अंड्यांना काही होत नाही, सापाला कात टाकताना त्रास होतो, आणि घरचं, नैसर्गिक म्हणून माणूस बिनधास्त जास्त लावतो. परदेशात माइट्स खाणारे दुसरे माइट्स टबमध्ये सोडतात. पद्धत चांगली आहे, पण मग कुठलंच औषध वापरता येत नाही.

खाण्याचं टेन्शन घेऊ नकोस. नव्या जागी बॉल पायथन आठवडे-आठवडे खात नाही, त्यात हा छळ. दर आठवड्याला स्वयंपाकघरात वापरतात तसल्या डिजिटल काट्यावर, झाकणाच्या डब्यात ठेवून वजन कर. काटा मात्र वेगळा आण, आईचा नको. डॉक्टरांकडे धावायचं ते या खुणांवर: तोंडाच्या आतला गुलाबी रंग पांढुरका पडला, तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय, नाकाशी बुडबुडे, हातात घेतल्यावर दोरीसारखा लोंबतोय, पोटाच्या खवल्यांवर लालसर डाग. एवढ्या लहान पिल्लाचं रक्त थोडं असतं, शेकडो तोंडं त्यावर लागली की ते खरोखर अशक्त होतं. आणि डसलेल्या जागांतून जंतुसंसर्ग रक्तात उतरू शकतो. तसं काही दिसलं तर सोमवारची वाट बघू नकोस.

आता आई. तू तिला ‘साप नको म्हणणारी’ म्हणून एका वाक्यात उरकलंस. पण त्याच पत्रात लिहिलंस की परवाच्या नागपंचमीला तिनं काही चिरलं नाही, तवा ठेवला नाही, पुरणाचे दिंड केले, आणि एक दिंड तुझ्या कॉर्न स्नेकच्या टबासमोर ठेवला. अगं, त्या बाईला साप नको आहे असं मला वाटत नाही. तिला किडे नको आहेत. गाद्या-उशांत शिरतील, पाहुण्यांच्या अंगावर उठेल, ही तिची भीती आहे आणि तिला कुणी नीट उत्तर दिलेलं नाही. ते तू दे. हे माइट्स माणसाला चावू शकतात, खाजरे लाल फोड येतात, तुझ्या मनगटावर आलाच असेल एखादा. पण माणसावर ते राहू शकत नाहीत, वाढू शकत नाहीत. साप मिळाला नाही तर काही आठवड्यांत उपाशी मरतात. तिला वही दाखव. ठिपक्यांचा आकडा रोज उतरताना दिसला की तिचा जीव थाऱ्यावर येईल. गणपतीच्या दिवसांत दोन्ही टब आपापल्या खोलीत, दारं बंद, किल्ल्या तुझ्याकडे. तेवढं तिनं मागितलं तर ते रास्त आहे.

आणि परत द्यायचं का? विक्रेत्याकडे परत गेलेलं पिल्लू दहा-वीस टबांच्या फळीत जाऊन बसेल आणि तिथून माइट्ससकट दुसऱ्या कुणाकडे. ज्यानं कुत्र्याचं नाव पुढं केलं तो त्याच्यावर सहा आठवडे मेहनत घेईल, असं मला त्याच्या उत्तरावरून वाटत नाही. तू घेऊ शकतेस. पण रोजचा तास-दीड तास, डॉक्टरांचा खर्च आणि दोन साप मिळून तुझ्या नोकरीला पेलणार नसेल तर तसं स्पष्ट म्हण. माइट्स पूर्ण गेल्यावर, सरकारी नोंदीसकट, अनुभवी माणसाकडे पिल्लू द्यायला काही हरकत नाही. टेकडीवर मात्र कोणत्याही परिस्थितीत सोडायचं नाही. आफ्रिकेतलं पिल्लू वेताळ टेकडीवर जगणार नाही, आणि मरेपर्यंत अंगावरचे माइट्स तिथल्या धामणींना, गवत्यांना देऊन जाईल.

नोंदीचा मुद्दा माइट्सपेक्षा तातडीचा आहे. तू लिहितेस, विक्रेत्यानं हातानं लिहिलेली पावती दिली आणि ‘कागद नंतर पाठवतो’ म्हणाला. बॉल पायथन हा साइट्स, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्याची नोंद करणं बंधनकारक आहे. २०२४ च्या नियमांप्रमाणे ती ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करायची. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही, म्हणून तुला आजवर हे करावं लागलं नसेल. विक्रेत्याकडून त्याच्या नोंदणीचा तपशील लेखी माग, फोनवर नको. दिला नाही तर त्याची वाट बघत मुदत घालवू नकोस. वन विभागाच्या वन्यजीव कार्यालयात जाऊन जे आहे ते जसंच्या तसं सांग. भारतीय साप तर कुठलाच घरात ठेवता येत नाही, हे बाकीच्या वाचकांसाठी.

पत्र पाठवलंस तेव्हा बारा दिवस झाले होते, आज सोळा आहेत. वन विभागाचं काम या आठवड्यात कर, डॉक्टरांची वेळ उद्या घे. आणि रात्री दोन्ही कागद बदलून झाले की आजचे आकडे मला कळव, दोघांचे वेगवेगळे.